काजळाचा दोष नव्हता

माझ्या नातवाच्या फायलीत शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली आहे. मुलाच्या शरीरात शिसं कुठून आलं ते शोधूनही सापडलं नाही, असा तिचा अर्थ. डॉक्टरांनी खोटं लिहिलेलं नाही. त्यांनी शोधलं. माझ्या सुनेने तर फरशी उखडायचीच काय ती बाकी ठेवली होती. ते कुठून आलं हे घरात एकट्या मला माहीत होतं आणि साडेसहा वर्षं मी ते सांगितलं नाही. आज ते लिहून काढतो आहे.

मी खाडीकाठच्या एका गावचा. भातशेती आणि मिठागर दोन्ही सरकारच्या भूसंपादनात गेलं, आणि मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्के जमिनीच्या प्लॉटवर जी इमारत उभी राहिली तिच्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आमच्या वाट्याला आला. नोकरी मी बंदरात केली, कंटेनर मोजून नोंदवायच्या कारकुनाची. निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली. घरात मी, मुलगा, सून आणि नातू. मुलगा ठाण्याला कंपनीत, सून बेलापूरला बँकेत. ती नाशिकची. माझी धाकटी बहीण तिला पहिल्या दिवसापासून ‘घाटावरची’ म्हणत आली आहे, कधी थट्टेने, कधी तसं नाही. नातू सव्वा वर्षाचा झाल्यावर सून कामावर परत गेली आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात नातू माझ्या ताब्यात आला.

गावातून मी फ्लॅटवर एकच वस्तू आणली होती, ती म्हणजे पाग. पाग म्हणजे खाडीत फेकायचं गोल जाळं. हातातून सुटलं की ते छत्रीसारखं उघडतं आणि काठाला ओवलेल्या शिशाच्या मण्यांच्या वजनाने तळाला बसतं. जाळं चार-पाच वर्षांत कुजतं, पण शिसं कुजत नाही. आमच्याकडे जुन्या पागाचं शिसं कोणी टाकत नाही. ते सोडवून घ्यायचं, वितळवून नव्याने मणी पाडायचे आणि नव्या जाळ्याला लावायचे. माझ्या पागात माझ्या आजाने वापरलेलं शिसं होतं. मणी दोरीवर चढवला की तो चिमट्याने दाबता येतो, पण चिमट्याने दोरी तुटते. म्हणून आम्ही तो दाढेखाली धरून दाबतो. वडील तसंच करायचे, मीही तसंच करत आलो. शिशाची चव गोडसर असते.

गुडघे गेल्यापासून खाडीवर जाणं महिन्यातून एखाद्या रविवारवर आलं होतं, पण पागाचं काम मी रोज करत असे. मुलगा म्हणायचा, “बाबा, द्या ना ते कोणाला तरी. घरात वास येतो.” सून काही म्हणत नसे. गॅलरीत कपडे वाळत घालताना ती फक्त जाळं एका बाजूला सरकवायची. मग मी ती दोघं कामावर गेल्यावर काम काढू लागलो. गॅलरीत छोटी शेगडी मांडायची, लोखंडी पळीत शिसं वितळवायचं, विटेला पाडलेल्या खाचांत ओतायचं. गार झालं की तोडायचं आणि कानशीने घासायचं. नातू जवळ बसायचा. शेगडी पेटली असेल तेव्हा मी त्याला दाराच्या आत ठेवायचो, तेवढी काळजी मी घेत होतो. मणी गार झाले की वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवायचो. तो मोजल्यासारखं करायचा, या वाटीतून त्या वाटीत ओतायचा. एकदा त्याने एक मणी उचलून दाढेखाली धरला आणि डोळे बारीक केले, हुबेहूब माझ्यासारखे. मी हसलो. “आता शोभतोस माझा नातू,” असं म्हणालो. तो मणी मी काढून घेतला, पण हसल्यानंतर. त्याला ते आवडलं असणार, कारण नंतर तो रोज तेच करू लागला आणि मी रोज काढून घेत होतो असं नाही.

अडीच वर्षांचा होताना त्याचं पोट दुखायला लागलं. शौचाला चार-चार दिवस होत नसे. जेवायचा नाही, चिडचिड करायचा. “आबा, पानी”, “आबा, काऊ” असे दोन-दोन शब्द जोडून बोलणारा मुलगा एकेक शब्द सोडू लागला. आधी काऊ गेला, मग पानी. सुनेने ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं, कोणता शब्द कधीपासून ऐकला नाही ते.

पहिल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन सात आलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि जंताचंही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर सात पूर्णांक दोन. दुसऱ्या लॅबमध्ये पाच दिवसांनी आठ आलं. मग थॅलेसेमियाची तपासणी झाली. ती ना होय आली ना नाही, लोहाची कमतरता भरून निघाल्यावर पुन्हा करा असा शेरा आला. तेवढ्यावर माझ्या बहिणीने निकाल लावून टाकला. आमच्याकडे चहा पिताना, सून स्वयंपाकघरात असताना, आवाज मुळीच कमी न करता ती म्हणाली, “आमच्यात असा रक्ताचा कोनाला काय नव्हता बाय. ह्या वरून आलेला हाय, घाटावरून.”

सून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, “आत्या, थॅलेसेमियाचा माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. वाचून दाखवू?”

“मला काय वाचून दाखवतेस? मी काय डाक्तर हाय?”

त्या दिवसांत घरात कागदच कागद झाले होते. सून रात्रीच्या जेवणानंतर ते टेबलावर पसरून आकडे एका वहीत उतरवायची. मुलगा मोबाइलवर शोधायचा, प्रत्येक वेळी नवा रोग सापडायचा आणि दोघांचे चेहरे पांढरे पडायचे. मी आयुष्यभर कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा जुळवण्याचं काम केलं होतं. मीही चष्मा लावून ते आकडे वाचत बसायचो. मला काही कळायचं नाही. तोवर मला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. एवढं मी माझ्या बाजूने म्हणू शकतो. पुढचं म्हणता येत नाही.

शेवटी नवी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळातल्या बाई डॉक्टरांनी रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तांबड्या पेशींत ठिपके दिसले आणि त्यांनी शिशाची तपासणी सांगितली. तिचा आकडा छप्पन्न आला. त्या म्हणाल्या, “मुलाच्या रक्तात शिसं असायलाच नको. पाचसुद्धा जास्त समजतो आम्ही.”

आम्ही तिघं त्यांच्या टेबलापुढे बसलो होतो, नातू माझ्या मांडीवर. त्यांनी एक छापील यादी काढली आणि एकेक विचारत गेल्या. घराला जुना ऑइलपेंट आहे का? नाही. घरात कोणी बॅटरीच्या, छपाईच्या कामात आहे का? नाही. देशी औषध, भस्म? नाही. पितळेची कल्हईची भांडी? होती, दोन. रंगीत स्वस्त खेळणी? होती. घरात कोणी धातू वितळवतं का, मासेमारीचं सामान वगैरे?

त्या प्रश्नाला मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, “बाबांचं एक जाळं आहे, पण ते नुसतं पडून असतं. हो ना बाबा?”

मी म्हणालो, “हो. पडून असतं.”

डॉक्टर पुढच्या ओळीवर गेल्या. “काजळ, सुरमा?”

“काजळ लावते,” सून म्हणाली. “माझी आई घरी करते. तुपाच्या दिव्यावर धरून. बाराव्या दिवसापासून लावते.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून मान वर केली. “घरी केलेलं असलं तरी डबी कसली आहे, त्यात आणखी काय घातलंय, पाहायला हवं. काही काजळांत शिसं असतं. आजपासून बंद. डबी तपासायला आणा.”

त्या क्षणी मला बरं वाटलं. याला दुसरा शब्द नाही. काजळच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बायका काय काय घालतात त्यात. आमच्या गावात तीन पिढ्यांनी शिसं दाताखाली धरलं, कोणाला काय झालं? घरी पोचेपर्यंत मी ते स्वतःला बरंचसं पटवलंही होतं. सुनेने घरात शिरल्या शिरल्या, चपला न काढता, ती पितळी डबी उचलली आणि खाली जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. तिला ती घरात क्षणभरही नको होती. तपासायला न्यायची होती हे तिला दुसऱ्या दिवशी आठवलं. त्यामुळे काजळात शिसं होतं की नव्हतं हे कधीच कळायला मार्ग उरला नाही. ती डबी तपासली गेली असती तर काजळावरचा संशय त्याच आठवड्यात फिटला असता.

चारच दिवसांनी पोटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्याच्या काचेवर लावला. पोटाच्या डाव्या अंगाला एक पांढरा ठिपका होता, तुरीच्या डाळीएवढा, एका बाजूने चेपलेला. डॉक्टर म्हणाल्या, “काहीतरी गिळलंय. रंगाचा पोपडा असेल किंवा खेळण्याचा तुकडा. जाईल बाहेर. पण घरात शोधा.”

मी तो ठिपका ओळखला. दाढेखाली दाबलेल्या मण्याची एक बाजू चपटी होते आणि दुसरी बाजू फुगते. ज्याने चाळीस-पन्नास वर्षं तो दाबला त्याला तो एक्स-रेतही दुसरं काही वाटणं शक्य नाही. मला तेव्हा कळलं. या ठिकाणी मी काही पळवाट ठेवत नाही. सुनेने विचारलं, “बाबा, तुमच्या लक्षात येतंय का काही? दिवसभर तुमच्याजवळ असतो तो. काय तोंडात घालतो?” आणि मी म्हणालो, “कधी बटण, कधी खडा. पोरंच ती.”

मी का नाही बोललो, याचं उत्तर मी बरेच दिवस भीती असं देत आलो. भीती होतीच. पण त्याहून लाजिरवाणं असं की मला पाग जायला नको होता. सांगितलं असतं तर मुलाने त्याच दिवशी तो उचलून फेकला असता. आणि मी नातवाला सांभाळायला लायक नाही असं ठरलं असतं. या दोन गोष्टी सोडून त्या फ्लॅटमध्ये माझं म्हणावं असं काही नव्हतं. तरी या दोन गोष्टी एका पारड्यात आणि पोर दुसऱ्या पारड्यात ठेवता येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी केलं ते एवढंच, की त्या संध्याकाळी पाग, मणी, पळी आणि वीट एका गोणीत भरून माझ्या दिवाणाच्या कप्प्यात ठेवली. त्याच दिवाणावर नातू दुपारी माझ्याशेजारी झोपायचा. काम बंद केलं म्हणजे प्रश्न मिटला अशी माझी समजूत होती. शिशाची धूळ असते, ती फरशीच्या फटीत, वाळत घातलेल्या कपड्यांत, माझ्या लुंगीत असते, हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर डॉक्टरांनी सांगितलं असतं, पण विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी सांगितली. मुलाची आणि सुनेची झाली, दोघांचं जवळपास काही आलं नाही. माझा नंबर होता त्या दिवशी मी सकाळीच गावाला गेलो, कोणीतरी वारलं असं सांगून. नंतर कोणी आठवण केली नाही. म्हाताऱ्याचं काय तपासायचं, असं सगळ्यांना वाटलं असावं.

मग औषधाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्या फोडून आतली भुकटी द्यायची. तिला कुजक्या अंड्यासारखा वास. नातू तोंड घट्ट मिटायचा. सून ती पेरूच्या जेलीत कालवून, त्याला मांडीत धरून, नाक न दाबता, गाणी म्हणत द्यायची. एकेका डोसाला पाऊण तास लागायचा. पहिल्या फेरीनंतर आकडा एकतीस आला आणि घरात त्या दिवशी शिरा झाला. तीन आठवड्यांनी चव्वेचाळीस. डॉक्टर म्हणाल्या, हाडांत साठलेलं रक्तात परत येतं, थोडं वाढणारच. पण एवढं नको होतं वाढायला. दुसऱ्या लॅबमध्ये त्याच आठवड्यात अडतीस आलं. सून विचारायची, “यातलं खरं कोणतं धरायचं?” डॉक्टरांनाही नीट सांगता येत नव्हतं. एका बाजूने औषध शिसं काढत होतं आणि दुसऱ्या बाजूने आमचं घर ते भरत होतं, हे ज्याला माहीत नाही त्याला त्या आकड्यांचा अर्थ लागणार कसा?

मे महिन्यात सून रजा टाकून नातवाला नाशिकला घेऊन गेली. सहा आठवडे राहिली. तिथे आकडा बावीसवर आला. मुलगा फोनवर ऐकून रडला. बहिणीने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “बघ दादा, आईकडं गेली तर पोर बरा होतो. हिकडं आली का आजारी. हिच्या मनात हिकडं ऱ्हायाचा नाय, दुसरा काय?”

मी म्हणालो, “गप गं.” तेवढंच म्हणालो.

आणि ते सहा आठवडे घरात मी एकटा होतो. मुलगा सकाळी जायचा तो रात्री यायचा. आठ दिवस मी वर्तमानपत्र वाचून काढले. नवव्या दिवशी गोणी उघडली. शेगडी पेटवली. पागाचा एक कोपरा अर्धवट राहिला होता, तो पुरा केला. माझ्या साऱ्या आयुष्यात मी केलेली सर्वांत वाईट गोष्ट कोणती असं कोणी विचारलं तर मी हे सांगेन. पोराच्या रक्तात काय आहे आणि ते कुठून आलं हे पक्कं ठाऊक असताना, त्याच गॅलरीत, मी बैठक मारून मणी पाडत बसलो होतो. वर मनात म्हणत होतो, की पोर इथे नाहीच तर कोणाचं काय बिघडतं.

सून परत यायच्या दोन दिवस आधी मी साफसफाई केली. फरशीवर सांडलेले शिशाचे थेंब छिन्नीने खरवडले, कोरड्या झाडूने गॅलरी झाडली, गादी बडवली. धूळ उन्हात चमकत होती, अजून दिसते मला. सुनेने आल्यावर म्हटलंही, “बाबा, घर किती छान ठेवलंत.”

पुढचा आकडा एकोणपन्नास आला.

त्या दिवशी मुलगा ऑफिसातून आला, रिपोर्ट वाचला आणि सोफ्यावर बसून राहिला. नातू टीव्हीसमोर होता. मी जेवणाच्या टेबलाशी. सून पोळ्या करत होती. मुलाने तिला हाक मारली आणि विचारलं, “तू त्याला औषध पूर्ण देतेस ना?”

ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. “म्हणजे?”

“म्हणजे थुंकतो तो. कधी कंटाळा येत असेल. मी काही म्हणत नाही, नुसतं विचारतोय.”

“तू नुसतं विचारत नाहीयेस.”

“मग आकडा का वाढतो? नाशिकला कमी, इथे जास्त. तिथे तुझी आई द्यायची ना औषध?”

ती आत गेली. येताना तिच्या हातात एक बरणी होती. तिच्यात तिने रिकाम्या कॅप्सूलची टरफलं साठवली होती, प्रत्येक डोसाची, पहिल्या दिवसापासून. तिने ती टेबलावर माझ्या ताटाशेजारी ओतली. “मोज,” ती म्हणाली. “तू मोज, नाहीतर बाबांना मोजायला सांग. त्यांचं तर कामच होतं ते.”

कोणी मोजली नाहीत. मुलगा खाली मान घालून बसला. ती उभ्या उभ्या रडत होती आणि नातू तिच्या गाऊनला धरून तिच्याकडे बघत होता. बोलायची वेळ होती तर ती ही. मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथल्या तिथे थांबलं असतं. मी उठलो आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं कामावर गेल्यावर शेजारणीला नातवाकडे बसवून मी गोणी रिक्षात घातली आणि गावात माझ्या जुन्या सोबत्याकडे नेली. आम्ही दोघं पोरवयापासून एकत्र खाडीवर जायचो. त्याने पाग उलगडून पाहिला.

“ह्याला काय झाला? चांगला नवा हाय की.”

“नातवाला त्रास होतो शिशाचा.”

“शिशाचा? मंग आमी मेलो कसं नाय? सत्तर वरसं दातात धरला.”

“आपण मोठे होऊन धरला. तो अडीच वर्षांचा होता.” मग म्हणालो, “पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस. घरात नको ठेवूस.”

त्याने पाग पुन्हा गुंडाळला. “घरी सांगितलास?”

“नाय.”

“मंग आता नको सांगू. गेला तो गेला. सून घर डोक्यावर घेल.”

मला हेच ऐकायचं होतं. त्यानंतर आकडा हळूहळू उतरला. त्याचं श्रेय माझं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून सून दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने सगळी फरशी पुसायची, गुडघ्यांवर बसून, बँकेत जायच्या आधी आणि आल्यावर. तिने वर्षभरात माझी सारी धूळ पुसून काढली, ती माझी आहे हे ठाऊक नसताना. दीड वर्षाने आकडा नऊवर आला. डॉक्टरांनी फायलीत ती शेवटची ओळ लिहिली.

नातू आज नऊ वर्षांचा आहे. दिसायला धडधाकट आहे. बोलतो, पण वाक्य मध्येच सुटतं आणि मग त्याला राग येतो. अक्षरं ओळखतो, शब्द वाचता येत नाही. वर्गात बसवत नाही. शाळेने दोनदा बोलावून सांगितलं, वेगळी शाळा बघा. शिसं नसतं तर तो कसा झाला असता, हे कोणालाच सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाल्या. मला तो शिशाआधीचा आठवतो, म्हणून थोडंफार सांगता येतं.

गेल्या महिन्यात शाळेने मागितलेली तपासणी करायला त्याला नवीन पनवेलमधल्या एका केंद्रात नेलं. मुलगा बाहेरगावी होता, म्हणून सुनेबरोबर मी गेलो. तिथल्या बाईंनी नातवापुढे ठोकळे ठेवले आणि सुनेला जन्मापासूनची माहिती विचारायला सुरुवात केली. सून सराईतपणे सांगत होती. शिशाचं आल्यावर बाईंनी विचारलं, “कारण सापडलं होतं?”

“हो. काजळ,” सून म्हणाली. “माझी आई घरी करायची. मीच लावायचे त्याला.” कोणी पत्ता विचारावा आणि तो सांगावा, तशी ती बोलली.

फायलीत तर कारण सापडलं नाही असं लिहिलं आहे. पण तिने तिचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिने ते इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगितलं होतं, की त्यात आता रडण्यासारखंही काही उरलं नव्हतं. बाईंनी ‘काजळ’ असं लिहायला घेतलं. मी म्हणालो, “काजळ नव्हतं.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. पागाचं, मण्यांचं, शेगडीचं. बाईंनी पेन खाली ठेवलं. नातू ठोकळे एका ओळीत लावत होता. सुनेने मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. परत येताना रिक्षात तिने दोनच प्रश्न विचारले.

“एक्स-रे पाहिलात तेव्हा कळलं होतं?”

“हो.”

“आणि मी टरफलं ओतली तेव्हा?”

“हो.”

ती बाहेर बघत राहिली. नातवाने दोन्हीकडून आमचे हात धरले होते. त्याला काही कळलं नव्हतं.

मुलगा परत आल्यावर तिने त्याला आतल्या खोलीत सांगितलं. तो बाहेर येऊन माझ्यापुढे उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, “मी तिला विचारलं तेव्हा तुम्ही समोर जेवत होतात.” त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. नातवाला आता माझ्याजवळ एकट्याला ठेवत नाहीत. त्यात अन्याय काही नाही.

परवा रविवारी मी बहिणीला फोन लावला. सून स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जावं म्हणून मी स्पीकर चालू ठेवला. बहिणीला सगळं सांगितलं आणि म्हणालो, “तू तिला जे जे बोललीस, त्यातला एक शब्द खरा नव्हता. माझ्यामुळे झालं.”

ती म्हणाली, “दादा, तुला आता या वयात काय सुचला? झाकलेला होता तर झाकलेला ऱ्हाऊ द्यायचा. आता बोलून पोराची अक्कल परत येनार हाय?”

“नाय येणार.”

“मंग?”

“मग तिच्यावर तरी आळ राहू नये.”

“मी तरी काय वाईट बोलले तिला? एवढाच म्हनले ना…” आणि तिने तेच सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली. मी फोन ठेवला.

गॅस बंद केल्याचा आवाज आला. सून दारात येऊन उभी राहिली. गेल्या महिन्याभरात ती माझ्याशी जेवण वाढण्यापलीकडे बोलली नव्हती. ती म्हणाली, “सांगितलंत ते चांगलं केलंत, असं मी म्हणणार नाही, बाबा.”

“म्हणू नकोस.”

“आत्यांना कळलं. तुमच्या मुलाला कळलं. शाळेला कळेल.” ती थांबली. “माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्या डबीनंतर तिने घरात दिव्यावर कधी काजळ धरलं नाही. माझ्या भावाला मुलगी झाली, तिलाही नाही लावलं. दवाखान्यात शेवटी शेवटी मला विचारायची, आता कसं बोलतो गं तो? मी म्हणायचे, बरं बोलतो. ती म्हणायची, माझ्या हातून झालं. मी तिला नाही म्हटलं नाही. कारण मला तेच खरं वाटत होतं.”

मी उठून उभा राहिलो.

“तिला कोण सांगणार?” असं विचारून ती उत्तरासाठी तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने आतून नातवाने हाक मारली, तशी ती गेली.